‘काउंट’च्या गोळ्यांचा डबा: दोन हजारांत काय येतं, काय येत नाही

काउंटरवर ‘काउंट वाढायची गोळी द्या’, म्हणजे शुक्राणूंची संख्या वाढवणारी, असं मोठ्यानं कुणी म्हणत नाही. गर्दी पांगेपर्यंत गिऱ्हाईक खोकल्याच्या बाटल्यांकडे बघत उभं राहतं, मग बारीक आवाजात विचारतं आणि पलीकडून प्रश्न येतो, “साधी देऊ का भारीतली?” साधीची दहा गोळ्यांची पट्टी साधारण दीडशे-दोनशेला पडते, भारीतली तीनशे-चारशेला. दिवसाला दोन गोळ्या, म्हणजे महिन्याला सहा पट्ट्या. साध्यात हजारेक रुपये, भारीत दोन हजारांच्या आसपास. नवी पेठ असो की जुळे सोलापूर, मेडिकलमध्ये हा माल सगळीकडे आहे.

हे परीक्षण एका कंपनीचं नाही, या अख्ख्या जातीच्या डब्याचं आहे, कारण नावं पन्नास असली तरी आतली मंडळी तीच: एल-कार्निटिन, कोएन्झाइम क्यू-१०, झिंक, सेलेनियम, लायकोपीन, फॉलिक अॅसिड, ई आणि सी जीवनसत्त्व. काहींत अश्वगंधा टाकून वर ‘हर्बल’चा शिक्का. आमचे पाचपैकी दोन तारे. दोन का, ते पुढे.

डबा उलटा करून मागची बाजू वाचा. यातले बरेच डबे औषध म्हणून नव्हे, न्यूट्रास्युटिकल, म्हणजे पूरक आहार म्हणून विकले जातात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, म्हणजे एफएसएसएआयचा, चौदा आकडी परवाना क्रमांक असतो आणि शेजारी बारीक इंग्रजीत ‘औषधी वापरासाठी नाही’ अशी ओळ असते. औषधाला बाजारात येण्याआधी परिणाम सिद्ध करावा लागतो, तसं या वर्गाला लागत नाही. ही फसवणूक नव्हे, कायद्यानंच केलेली वर्गवारी आहे. पण गिऱ्हाईक ते औषध समजूनच घेतं, आणि विकणाराही ती समजूत मोडायच्या भानगडीत पडत नाही.

आता मात्रा. कार्निटिनवरच्या अभ्यासांत दिवसाला साधारण २ ते ३ ग्रॅम दिलेलं आहे. डब्यातल्या दोन गोळ्यांत मिळून ते बहुधा एक ग्रॅमच्या आतबाहेर भरतं. त्यातही लेबलवर ‘एल-कार्निटिन एल-टार्ट्रेट ५०० मिग्रॅ’ असेल तर हे वजन क्षाराचं आहे, प्रत्यक्ष कार्निटिन सुमारे ३४० मिग्रॅ. झिंकचा हिशोबही तसाच. ‘झिंक सल्फेट मोनोहायड्रेट ५५ मिग्रॅ’ म्हणजे पोटात जाणारं झिंक २० मिग्रॅ. क्यू-१० चे अभ्यास २०० ते ३०० मिग्रॅचे आहेत, साध्या गोळीत ते ५० किंवा १०० असतं. दोन डब्यांची तुलना करायची तर किमतीवरून करू नका, मूळ घटकाच्या मिलिग्रॅमवरून करा. ‘प्रत्यक्ष झिंक इतकं’ असं वेगळं लिहिणारी कंपनी निदान प्रामाणिक.

मात्रा पुरी भरली तरी उपयोग होतो का? अमेरिकेत झिंक आणि फॉलिक अॅसिडची मोठी चाचणी झाली. २,३७० पुरुष, रोज ३० मिग्रॅ झिंक आणि ५ मिग्रॅ फॉलिक अॅसिड, सहा महिने. निकाल २०२० साली आला. शुक्राणूंची संख्या, हालचाल, आकार यांत फरक नाही, जिवंत बाळाच्या जन्मातही नाही. उलट शुक्राणूंच्या डीएनएचे तुकडे पडण्याचं प्रमाण गोळीवाल्यांत थोडं जास्त निघालं आणि पोटाच्या तक्रारीही त्यांच्यातच अधिक. त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या, लहान चाचणीत १७४ जोडप्यांतल्या पुरुषांना जवळजवळ हाच सगळा संच दिला होता: कार्निटिन, सेलेनियम, झिंक, लायकोपीन, ई, सी, फॉलिक. तीन महिन्यांनंतर औषध नसलेली दिखाऊ गोळी घेणाऱ्यांशी तुलना करता तिथेही काही हाती लागलं नाही. छोटे अभ्यास फायदा दाखवतात, हे खरं. ते सगळे एकत्र करून पाहणाऱ्यांनीही पुरावा कच्चाच ठरवला आहे. कट्टर विरोध करावा असं यात काही नाही, पण दोन हजारांची खात्रीही नाही.

डबा घ्यायचंच ठरलं असेल तर तीन गोष्टी सांभाळा. पहिली, वेळ. एक शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, पुढे अधिवृषणातून, म्हणजे वृषणामागच्या नळीतून, पार पडायला आणखी आठवडा-दोन आठवडे. एक महिना गोळ्या घेऊन ‘काही फरक नाही’ म्हणणं जसं चूक, तसंच पंधरा दिवसांत ‘काउंट दुप्पट झाला’ हेही गोळीचं श्रेय नव्हे. दुसरी, जेवण. क्यू-१० तेलात विरघळतं, म्हणून ती गोळी जेवणासोबत. भाकरी आणि शेंगा चटणीवर तेल असेल तर तेवढं पुरतं. झिंक उपाशीपोटी घेतलं तर मळमळतं, आणि ‘गोळी सोसत नाही’ म्हणून सोडणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी ती सकाळी रिकाम्या पोटी चहाबरोबर घेतलेली असते. कार्निटिन जास्त झालं तर जुलाब होतात, घामाला माशासारखा वास येतो. तो घाबरण्याचा नाही, मात्रा कमी करण्याचा इशारा आहे. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल त्यानं क्यू-१० डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

तिसरी गोष्ट खास आपल्या गावची. मे महिन्यात सोलापूर ४२-४३ अंशांवर असतं आणि उन्हात लावलेल्या गाडीच्या डिकीत तापमान त्याच्याही वर जातं. क्यू-१० चा वितळबिंदू पन्नास अंशांच्या आसपास आहे. डिकीतून काढलेल्या जेलच्या कॅप्सुली एकमेकींना चिकटलेल्या आढळतात त्या उष्णतेमुळे. कार्निटिन हवेतली ओल पटकन ओढतं. पट्टी कापून सुट्या गोळ्या खिशात ठेवल्या की पावसाळ्यात त्या ओलसर, ठिपकेदार होतात. अशा गोळ्या फेकून द्याव्यात.

डिकीचा विषय निघालाच आहे तर खरी तपासणी घेऊ, कारण आमच्या मते पहिला पैसा तिच्यावर जायला हवा. वीर्य तपासणी खासगी लॅबमध्ये साधारण काही शे रुपयांत होते, म्हणजे डब्याच्या एका महिन्यापेक्षा स्वस्त. तरी ती शेवटी होते. बायकोची सोनोग्राफी झालेली असते, नळ्यांचा एक्स-रे झालेला असतो, तीन डॉक्टर आणि दोन नवस झालेले असतात, तेव्हा कुठे नवऱ्याला प्लास्टिकची डबी मिळते. मूल न होण्याच्या साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा सोबतीनं असतं. हे माहीत असूनही क्रम बदलत नाही.

नमुना देण्याआधी संबंध किंवा स्खलन टाळायचे दिवस दोन ते सात. एका दिवसात संख्या कमी दिसते, दहा दिवसांत हालचाल मंदावते. साधा कंडोम चालत नाही, त्यातलं रसायन शुक्राणू मारतं. तेल, साबण, थुंकीही नको. पहिला थेंब सांडला तर लपवू नका, सांगा, कारण सर्वांत जास्त शुक्राणू पहिल्याच भागात असतात. घरी नमुना घेतला तर अर्ध्या ते एका तासात लॅबमध्ये पोचवायचा. डबी शर्टच्या आत, अंगाला लावून. डिकीत नाही, बर्फात नाही. बार्शी किंवा पंढरपूरहून नमुना आणायचा विचार सोडून द्या, अंतर सत्तर किलोमीटर आहे. लॅबमध्येच स्वतंत्र खोली आहे का, ते फोनवर विचारा. संडासात डबी देऊन पाठवणारी लॅब असेल तर दुसरी शोधा.

लॅब बरी की वाईट हे रिपोर्टवरून कळतं. नमुना घेतल्याची आणि तपासल्याची अशा दोन्ही वेळा लिहिलेल्या हव्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या सहाव्या आवृत्तीचे खालचे आकडे असे: प्रमाण १.४ मिली, संख्या मिलीला १.६ कोटी, एकूण ३.९ कोटी, एकूण हालचाल ४२ टक्के, पुढे सरकणारे ३० टक्के, योग्य आकाराचे ४ टक्के. चारच. रिपोर्टवर ‘नॉर्मल आकार ७० टक्के’ असं दिसलं तर लॅब काटेकोर निकष वापरत नाही. दुसरीकडे ‘फक्त ५ टक्के’ वाचून रडणारेही असतात, आणि ते नॉर्मल असतात. वर्षाच्या आत बायकोला दिवस गेलेल्या पुरुषांतल्या सर्वांत खालच्या पाच टक्क्यांवरून या रेषा काढल्या आहेत. रेषेखाली असणं म्हणजे वंध्यत्व नव्हे.

‘पस सेल ८-१०’, म्हणजे जंतुसंसर्ग सुचवणाऱ्या पुवाच्या पेशी, हा शेरा तर वेगळाच त्रास. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी प्रत्येक गोल पेशी पस सेल नसते, अपरिपक्व शुक्राणूपेशीही गोलच दिसतात. पेरॉक्सिडेजचा रंग दिल्याशिवाय फरक कळत नाही. तो न देता पस सेल लिहिले की पंधरा दिवसांची अँटिबायोटिक चालू होते, आणि बऱ्याचदा विनाकारण. पहिला रिपोर्ट कमी आला तर काही आठवड्यांनी दुसरा करा, त्याच लॅबमध्ये, तितकेच दिवस थांबून. मधल्या काळात डेंग्यूसारखा मोठा ताप येऊन गेला असेल तर दोन-तीन महिने थांबा. तापानं आकडा पडतो आणि पुढे आपोआप वर येतो. ताप गेल्यावर डबा घेतलेल्याला वाटतं, डब्यानं केलं.

ज्या कारणांवर डब्याचा काही इलाज नाही, ती आता. वृषणाभोवतीच्या शिरा फुगणं, म्हणजे व्हेरिकोसील, साधारण १५ टक्के पुरुषांत असतं. मूल न होणाऱ्यांत ते ४० टक्क्यांच्या घरात जातं. हाताला लागत असेल आणि रिपोर्ट कमी असेल तर ऑपरेशनचा विचार होतो, गोळीचा नाही. शुक्राणू शून्य असतील तर नमुना सेंट्रिफ्यूज करून, म्हणजे यंत्रात वेगानं फिरवून, तळाचा गाळ पाहिला का, हे विचारा. मग एफएसएच, टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकांची तपासणी आणि तज्ज्ञ युरोलॉजिस्ट. वीर्य कमी आणि आम्लधर्मी, त्यात फ्रुक्टोज नाही, असं निघालं तर वाट बंद असते, आणि तिथे झिंक काय करणार? मधुमेहात कधी वीर्य उलटं मूत्राशयात जातं, ते नंतरच्या लघवीत सापडतं.

जिमची इंजेक्शनं यांत सर्वांत वाईट. ‘टेस्टो’ घेतलं की मर्दानगी वाढते हा समज उलटा आहे. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदू वृषणांना चालवणारी एलएच आणि एफएसएच ही संप्रेरकं पाठवणं थांबवतो, वृषणं काम बंद करतात. आठवड्याला २०० मिग्रॅ देऊन हे पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं तपासलं होतं, १९९० चा अभ्यास. म्हणजे जे गर्भ टाळायला तपासलं गेलं, ते टोचून वर डब्याची गोळी खाणारे तरुण आहेत. बंद केल्यावर बहुतेकांचं परत येतं, पण सहा महिने ते वर्ष, कधी दोन वर्षंही.

मग गावाच्या धंद्यातलं. वृषण शरीरापेक्षा दोन ते चार अंश थंड राहिलं तरच काम नीट चालतं. कापड रंगवायच्या डाइंगच्या हौदापाशी, सुताला खळ देणाऱ्या सायझिंगच्या वाफेत, बॉयलरसमोर आणि भट्टीवर बारा-बारा तास उभं राहणाऱ्याची ही सोय मोडते. नोकरी सोडा असं सांगणं सोपं आणि निरर्थक. पण पाळीतून दर तासाला पंख्याखाली यायचं, घट्ट पँटऐवजी सैल पायजमा, आणि घरी वर गरम पाण्याचं टबस्नान नको, एवढं जमतं. डाळिंब-द्राक्षांच्या बागेत फवारणी करणाऱ्यांनी हातमोजे, मास्क आणि नंतर लगेच आंघोळ, कपडे वेगळे धुणं. डीबीसीपी नावाच्या सूत्रकृमिनाशकानं १९७७ साली कॅलिफोर्नियात ते बनवणारे कामगार नापीक झाले होते, तेव्हा कुठे जगाला ही गोष्ट कळली.

मावा आणि गुटखा. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तो किती बंद आहे ते टपरीवर कळतं. तंबाखू ओढा किंवा चघळा, संख्या आणि हालचाल दोन्हींवर परिणाम दिसतो. दिवसाला दहा पुड्या आणि दोन काउंट गोळ्या, हा जमाखर्च जुळत नाही. वजनाचंही तसंच: पोटावरची चरबी टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करत राहते.

राहिले ते दोन तारे कशाला? ज्याच्या दोन तपासण्यांत संख्या किंवा हालचाल थोडी कमी निघाली आहे, व्हेरिकोसील तपासून झालं आहे, तंबाखू बंद आहे, बायको पस्तिशीच्या आत आहे आणि खिशाला दुखत नाही, त्यानं तीन महिने घ्यायला हरकत नाही. भारीतलीच हवी असं नाही. ई जीवनसत्त्व थोडंफार शेंगदाण्यांतूनही मिळतं. डबा चालू असताना वेगळी झिंकची गोळी जोडू नका. दिवसाला ४० मिग्रॅच्या वर बरेच महिने गेलं की शरीरातलं तांबं कमी होतं. सेलेनियमचा कमाल आकडा ४०० मायक्रोग्रॅम. भिंतीवर जाहिरात करणाऱ्यांचं, आत काय आहे ते न सांगणारं चूर्ण यात धरलेलं नाही, त्याला शून्य.

तीन महिन्यांनी त्याच लॅबमध्ये रिपोर्ट करा. फरक नसेल तर चौथ्या महिन्याच्या सहा पट्ट्या घेऊ नका.