सोनी 85 मिमी 1.8 की सिग्मा 85 मिमी 1.4? एका लग्नात दोन्ही वापरून बघितल्या

माझ्या सोनी ए सेव्हन थ्री कॅमेऱ्यावर गेली चार वर्षं सोनीची 85 मिमी 1.8 लेन्स आहे, 2017 ला आलेली. (1.8, 1.4 म्हणजे लेन्स किती उघडते त्याचा आकडा, जितका लहान तितकी जास्त उघडी.) मामेबहिणीच्या लग्नाला दोन दिवसांसाठी सिग्माची 85 मिमी 1.4 आर्ट भाड्याने आणली, डीजी डीएनवाली, जी 2020 ला खास मिररलेस कॅमेऱ्यांसाठी निघाली. डीएसएलआरची (आत आरसा असलेल्या जुन्या धाटणीच्या कॅमेऱ्यांची) जुनी आर्ट वेगळी बरं का, ती किलोच्या वर जाते, सेकंडहँड बघताना घोळ करू नका.

सगळे 1.4 च्या मागे लागतात ते मागच्या ब्लरसाठी. फरक आहे, पण वाटतो तेवढा नाही. दोन मीटरवरून चेहरा घेतला तर 1.8 ला साधारण पावणेसहा सेंमी फोकसमध्ये राहतं, 1.4 ला साडेचार. मामीला दोन्ही फोटो दाखवले तर म्हणे "दोन्हीत नथ छान आलीये", झालं. उलट नवरी जरा वळली की 1.4 ला अलीकडचा डोळा एकदम कडक आणि पलीकडचा पापण्यांसकट गेलेला, मग मीच 2 वर आणून काढत होतो, म्हणजे 1.4 चे पैसे कशाला भरले असं झालं.

उजेडाचं म्हणाल तर दोन-तृतीयांश स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). 1.8 ला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता, वाढवली की फोटोत दाणे येतात) 3200 लागतो तिथे 2000 मध्ये भागतं. मिळालं तर बरंच, पण आजकालच्या बॉडीला 3200 म्हणजे काहीच नाही.

मला खरा फरक दिसला तो मुंडावळ्यांत. पांढरे मोती, त्यावर स्टेजचा मागून येणारा लाइट, आणि फोकस डोळ्यावर. सोनी 1.8 ला पूर्ण उघडी ठेवली की फोकसच्या पुढच्या मोत्यांना जांभळी कड येते आणि मागच्यांना हिरवी. चार वर्षं हेच चालू आहे, लाइटरूम ह्या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये डीफ्रिंजचा, म्हणजे ही कड घालवणारा, स्लायडर ओढायचा आणि मग लक्षात येतं की शालूचा जांभळा काठ पण फिका पडलाय, की परत ब्रश घेऊन बसा. 2.8 ला ते बरंच कमी होतं, पण मग मागच्या माळा आणि पाहुणे दिसायला लागतात. सिग्मात ही कड अगदीच नाही असं नाही, पण 1.4 ला काढलेल्या फोटोतही मला एकदाही स्लायडरला हात लावावा लागला नाही. माझ्या मते जास्तीचे पैसे असतील तर ते ह्याचे.

आता वजन. सोनी 371 ग्रॅम, सिग्मा सव्वासहाशेच्या आसपास, म्हणजे जवळपास बॉडीएवढीच. सीमांत पूजनाला काही वाटलं नाही, दुसऱ्या दिवशी पंगती उठेपर्यंत मनगट बोलायला लागलं. फिल्टरही 67 चे चालत नाहीत, 77 चे वेगळे घ्या. किंमत जवळपास दुप्पट.

सिग्माला अपर्चर रिंग (लेन्स कमी-जास्त उघडायची कडी) आहे, व्हिडिओसाठी तिची टिकटिक बंद करता येते, ते मला फार आवडलं. सोनीला रिंग नाही. आय एएफ (डोळ्यावर आपोआप फोकस) दोन्हींवर व्यवस्थित चालतं, फक्त सोनीच्या वेगवान ए नाइन किंवा ए वनवाले असाल तर बाहेरच्या कंपनीच्या लेन्सवर सेकंदाला 15 फ्रेमच मिळतात. सिग्माचं डिस्टॉर्शन (सरळ रेषा वाकलेल्या दिसणं) रॉमध्ये, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, चांगलंच दिसतं, कॅमेऱ्यातलं लेन्स करेक्शन चालू ठेवा.

मेंदीचा हात जवळून घ्यायचा असेल तर दोन्ही विसरा, एक 80 सेंमीच्या आत येत नाही, दुसरी 85. आणि उभा पूर्ण फोटो काढायला चार-साडेचार मीटर मागे जायला लागतं, कार्यालयातल्या नवरीच्या खोलीत मी अक्षरशः बाथरूमच्या दारात उभा होतो.

एपीएस-सी (लहान सेन्सरची) बॉडी असेल तर ह्या दोन्हींच्या नादी लागू नका, 85 ची तिथे 127 मिमीसारखी होते, म्हणजे अजून मागे जायला लागतं. सिग्माची 56 मिमी 1.4 बघा, 280 ग्रॅम.

पहिलीच पोर्ट्रेट लेन्स असेल तर डोळे झाकून सोनी घ्या, उरलेल्या पैशात एक फ्लॅश येईल. प्री-वेडिंग, मॉडेल शूट असं निवांत काम जास्त असेल आणि एडिटिंगला बसायचा कंटाळा असेल तर सिग्मा. मी सिग्मासाठी पैसे बाजूला टाकायला लागलोय, पण सोनी विकणार नाही, हळदीत ती महागडी काच घेऊन कोण घुसणार.