ड्रॅगचे हेड बांधताना पैसा व्हॉल्व्हवर घालावा की स्प्रिंगवर?

यवतमाळ-वर्धेकडे कापसाचा पैसा हाती आला की कुणीतरी ड्रॅगसाठी, म्हणजे सरळ रेषेतल्या छोट्या शर्यतीसाठी, जुन्या चार-स्ट्रोक मोटारसायकलचे हेड (इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) उघडतो, जास्त लिफ्टचा, म्हणजे व्हॉल्व्ह अधिक खोल उघडणारा, कॅम आणतो, आणि मग उरलेल्या रकमेत व्हॉल्व्ह बदलावेत की स्प्रिंगा, हा प्रश्न उभा राहतो. (आरएक्स १०० बाळगणाऱ्यांची यातून सुटका आहे, त्या दोन-स्ट्रोक इंजिनात असे व्हॉल्व्हच नसतात.) माझ्या मते पैसा आधी स्प्रिंगवर घालावा.

बंद ट्रॅकवरची ४०२ मीटरची धाव शंकरपटासारखीच सरळ आणि काही सेकंदांची असते, व तीत प्रत्येक गिअर वरच्या आरपीएमपर्यंत ओढला जातो. तेथे स्प्रिंगचा दाब अपुरा पडला तर व्हॉल्व्ह कॅमच्या उताराबरोबर परत येत नाही, तरंगतो. आधी ताकद गळते, आणि फार ताणले तर पिस्टन व्हॉल्व्हला गाठून त्याची दांडी वाकवतो. ती दांडी महागड्या व्हॉल्व्हचीही वाकते.

टायटॅनियमचा व्हॉल्व्ह त्याच मापाच्या पोलादी व्हॉल्व्हपेक्षा साधारण ४० टक्के हलका असतो, त्यामुळे त्याला कमी दाब पुरतो. परंतु त्याला अनुरूप सीट (व्हॉल्व्ह बंद होताना जिच्यावर टेकतो ती कडी) लागते, दांडीच्या टोकाला संरक्षण लागते, आणि किंमत तर कमी खर्चाच्या हिशेबात बसतच नाही. मोठ्या डोक्याच्या स्टीलच्या व्हॉल्व्हचा मोह अनेकांना होतो. त्यासाठी सीट नव्याने कापावी लागते, शिवाय वाढलेले वजन पुन्हा अधिक कडक स्प्रिंग मागते. म्हणून मूळ मापाचा चांगला स्टेनलेस व्हॉल्व्ह पुरेसा आहे.

स्प्रिंगांत मात्र निवड विचारपूर्वक करावी. जुन्या स्प्रिंगखाली शिम (पातळ चकती) टाकणे सर्वांत स्वस्त पडते, पण जितक्या जाडीची शिम, तितकी वेटोळ्यांची मोकळीक कमी होते. बसवलेली उंची ३३ मिलिमीटर असून स्प्रिंग २२ वर पूर्ण दबत असेल, तर ९ मिलिमीटर लिफ्टला २ मिलिमीटर उरतात, १०.५ लिफ्टला जेमतेम अर्धा उरतो, आणि तो धोक्याचा आहे. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी वर निमुळती होणारी बीहाइव्ह स्प्रिंग लहान, हलका रिटेनर (स्प्रिंगला व्हॉल्व्हशी धरून ठेवणारी टोपी) घेते व थरथर कमी करते. ती आपल्या हेडसाठी मिळत असेल तर माझी पसंती तिलाच. दुहेरी स्प्रिंगचा मोठा गुण असा की एक तुटली तरी दुसरी व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडू न देण्याची शक्यता असते. मात्र गरजेपेक्षा कडक जोडी कॅम आणि रॉकर (कॅमची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत नेणारा भाग) झिजवते.

दांडी सरळ आणि कडा शाबूत असतील, तर जुने व्हॉल्व्ह लॅपिंग करून (सीटवर घासून नीट टेकते करून) खुशाल बसवावेत. वापरलेली स्प्रिंग मात्र फुकट मिळाली तरी घेऊ नये, कारण तिच्या तारेतला थकवा डोळ्यांना दिसत नाही.