घट्ट टायर रिमवर चढवण्यासाठी अंगठे, लिव्हर की बीड जॅक?

इंदूरहून राऊमार्गे जानापावच्या चढाकडे सायकलने जाणाऱ्याला घट्ट टायर सर्वांत जास्त छळतो तो वाटेत पंक्चर झाल्यावर. त्यामुळे साधन निवडताना ते सोबत बाळगता येईल का, हेही पाहावे लागते. त्याआधी टायरवरचा आकडा वाचावा. जुन्या रोडस्टर सायकलींचे 28 × 1½ मापाचे टायर 635 मिमी व्यासाच्या रिमवर बसतात आणि 700सी टायर 622 मिमीच्या रिमवर. मात्र दोन्हींना सर्रास ‘28 इंची’ म्हटले जाते. तिथे गफलत झाली, तर कोणतेही साधन उपयोगी पडत नाही.

माप जुळत असेल, तर अंगठ्यांनाच पहिली पसंती द्यावी, असे माझे ठाम मत आहे. टायरच्या कडेतील (बीडमधील) तार किंवा अ‍ॅरामिड हा मजबूत कृत्रिम धागा जवळजवळ ताणलाच जात नाही, म्हणून लागणारी सैल जागा रिमच्या मधल्या खोलगट भागातूनच मिळवावी लागते. अर्ध्या चाकाभर कड तीन मिलिमीटर आत उतरली, तर समोरच्या बाजूला नऊ मिलिमीटरहून थोडी अधिक लांबी मोकळी होते, आणि टायर चढण्यासाठी बहुधा तेवढीच कमी पडत असते. व्हॉल्व्हपाशी ट्यूब कडेला आत उतरू देत नाही. म्हणून सुरुवात व्हॉल्व्हच्या समोरून करावी, शेवट व्हॉल्व्हपाशी करावा आणि मधून मधून दोन्ही हातांनी कड खोलगट भागात ढकलत राहावे. रिमच्या आत ट्यूबखाली बसवलेली पट्टी, म्हणजे रिमपट्टी, जाड असली तर ही खोली खाऊन टाकते. पट्टी बदलल्यावर ‘चढतच नाही’ म्हणून बाजूला ठेवलेला टायर सहज बसतो, हे मी स्वतः अनुभवले आहे.

लिव्हर, म्हणजे टायरची कड उचलायची छोटी चपटी पट्टी, स्वस्त असते आणि खिशात मावते, परंतु शेवटची काही इंच कड चढवताना तिच्या टोकाखाली ट्यूब चिमटली जाऊन नवे पंक्चर होण्याची भीती असते. लोखंडी लिव्हरने अ‍ॅल्युमिनियमच्या रिमवर ओरखडेही पडतात, त्यामुळे घ्यायचीच तर प्लास्टिकची घ्यावी.

बीड जॅक रिमच्या एका काठावर टेकतो आणि दुसऱ्या बाजूची कड बाहेरून पकडून वर ओढतो. ट्यूबजवळ तो जवळजवळ जातच नाही, हा त्याचा मोठा गुण आहे. ट्यूबलेस-रेडी, म्हणजे ट्यूबशिवायही टायर बसवता येईल अशा रिमवर कड फार घट्ट बसते. अशी रिम असणाऱ्याने किंवा ज्याच्या अंगठ्यांत जोर कमी आहे त्याने तो अवश्य घ्यावा. लांबीमुळे तो लहान पिशवीत मावणे कठीण असते, म्हणून तो घरी ठेवावा आणि प्रवासात दोन प्लास्टिक लिव्हर बाळगाव्यात. कडेला साबणाचे पाणी लावल्यास तिन्ही प्रकारांत काम हलके होते. तेल मात्र लावू नये, कारण त्याने रबर खराब होते.