अँग्लिकन सायकल ऑफ प्रेअर: फुकट, शिस्तीची, पण हाडांचा सापळाच

जगभर विखुरलेल्या अँग्लिकन मंडळ्यांसाठी आणि त्यांच्या पाळकांसाठी रोज प्रार्थना करायची आहे, पण आज कोणासाठी हे दर सकाळी नव्याने ठरवत बसायचे नाही. एवढ्याच कामासाठी लंडनचे अँग्लिकन कम्युनियन ऑफिस, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडशी नाते असलेल्या जगभरच्या चर्चेसच्या कुटुंबाचे कार्यालय, एक यादी काढते. तिचे नाव अँग्लिकन सायकल ऑफ प्रेअर. पैसे पडत नाहीत, संकेतस्थळावरून पीडीएफ उतरवून घेता येते. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर आणि मराठवाडा या डायोसिस (डायोसिस म्हणजे एका बिशपच्या हाताखालचा प्रदेश) त्या यादीत आहेत, त्यामुळे मराठी मंडळ्यांना ती परकी नाही. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, बाप्टिस्ट वगैरे मंडळ्या एक होऊन हे चर्च झाले. म्हणून ते ‘युनायटेड’ असूनही अँग्लिकन कम्युनियनचे सभासद आहे.

रचना सोपी आहे. रविवारी एक प्रॉव्हिन्स, म्हणजे एखाद्या देशाचे किंवा अनेक देशांचे मिळून असलेले स्वायत्त चर्च. सोमवार ते शनिवार डायोसिस, इंग्रजी वर्णानुक्रमाने. कम्युनियनमध्ये 42 प्रॉव्हिन्स आहेत; शिवाय बर्म्युडा, श्रीलंका, पोर्तुगाल, स्पेन आणि फॉकलंड बेटे इथली पाच छोटी चर्चेस कुठल्याही प्रॉव्हिन्सखाली येत नाहीत. डायोसिस आठशेच्या वर. अलीकडच्या याद्यांत दिवसाला साधारण एकच डायोसिस असते. वर्षात रविवार सोडून 313 दिवस धरले तरी पूर्ण फेरीला अडीच वर्षांहून जास्त लागतात. एका वर्षात सगळे जग आटोपेल या हिशेबाने जो सुरुवात करतो तो ‘एम’ अक्षरापर्यंत येण्याआधीच कंटाळतो. हा वर्षाचा कार्यक्रम नाही, हे पहिल्या दिवशीच लक्षात घ्यावे.

वर्णानुक्रमामुळे कोण कोणाच्या शेजारी येते ते पाहण्यासारखे आहे. मुंबईच्या एका बाजूला युगांडातले मुकोनो आणि पाकिस्तानातले मुलतान, दुसऱ्या बाजूला केनियातले मुमियास आणि दक्षिण सुदानमधले मुंद्री. पुण्याच्या आधी पोर्टो रिको, नंतर कॅनडातले क्वापेल आणि क्वेबेक. नागपूरच्या पाठोपाठ नैरोबी. ज्याला भूगोलाप्रमाणे प्रार्थना करायची सवय आहे त्याला हे विस्कळीत वाटते. माझ्या मते मात्र यादीचे खरे बळ इथेच आहे. निवड आपल्या हातात राहिली की ओळखीच्या, बातमीतल्या किंवा आपल्याच भाषेच्या लोकांकडे मन वळते. मुमियाससाठी कोणी आपणहून प्रार्थना करणार नाही. यादी करायला लावते.

आता दुखणे. यादीचे एकक डायोसिस आहे, आणि सगळ्या डायोसिस सारख्या नसतात. चर्च ऑफ नायजेरियाच्या दीडशेच्या वर डायोसिस आहेत, म्हणजे दीडशेच्या वर दिवस. चर्च ऑफ इंग्लंडच्या ‘डायोसिस इन युरोप’ला मात्र एकच दिवस. ही डायोसिस ब्रिटन आणि आयर्लंड सोडून उरलेला सगळा युरोप, शिवाय मोरोक्को आणि तुर्कस्तान सांभाळते. कॅथेड्रल, म्हणजे बिशपचे मुख्य चर्च, जिब्राल्टरला, तर प्रो-कॅथेड्रल, म्हणजे कॅथेड्रलसारखा मान असलेली चर्चेस, माल्टातल्या व्हॅलेटाला आणि ब्रुसेल्सला. मॉस्कोचे सेंट अँड्र्यूज तिच्यात, आणि कीव्हचे क्राइस्ट चर्चही तिच्यातच. युद्ध करणाऱ्या दोन देशांच्या राजधान्यांतल्या मंडळ्या एकाच बिशपच्या हाताखाली, आणि यादीत दोघींचे नाव नाही. खऱ्या अर्थाने विखुरलेल्या मंडळ्या याच: दुसऱ्याची इमारत भाड्याने घेऊन उपासना करणाऱ्या, पाळक बदलला की वर्षभर रिकाम्या राहणाऱ्या.

बेटांचे तर विचारूच नका. दक्षिण अटलांटिकमधल्या ट्रिस्टन दा कुन्यावर जेमतेम अडीचशे माणसे राहतात. तिथे सेंट मेरीज चर्च आहे, पण ते केप टाउन डायोसिसमध्ये मोडते. केप टाउनचा दिवस आला तरी ट्रिस्टन आठवणारा विरळा. असेन्शन बेट असेच सेंट हेलेनाच्या पोटात जाते. कॅनडाच्या आर्क्टिक डायोसिसचे क्षेत्र सुमारे 40 लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारतापेक्षा मोठे. गावे एकमेकांपासून शेकडो किलोमीटर लांब, बहुतेक ठिकाणी विमानाशिवाय पोचता येत नाही आणि पाळकांची कायमची टंचाई. तिलाही एकच दिवस.

यावर उपाय आहे, पण तो यादीबाहेरचा. डायोसिस इन युरोप स्वतःची प्रार्थना-दैनंदिनी काढते आणि त्यात एकेका मंडळीची पाळी येते. जिला यादी गिळून टाकते अशी एखादी मोठी डायोसिस निवडावी, तिच्या संकेतस्थळावरून मंडळ्यांची नावे उतरवून घ्यावीत आणि दर शनिवारी मुख्य यादीच्या जोडीला त्यातली एक घ्यावी. आखाती देशांत नातेवाईक असलेल्या मराठी घरांनी ‘सायप्रस अँड द गल्फ’ ही डायोसिस घ्यावी. तिच्यात सायप्रस, इराक आणि कुवेत, बहरीन, कतार, अमिरात, ओमान, येमेन हे देश येतात. दुबईच्या होली ट्रिनिटीसारख्या आवारात अनेक भाषांच्या मंडळ्या एकाच जागेत पाळीपाळीने उपासना करतात. आणि एक व्यवहाराची गोष्ट: कुवेत, कतार, बहरीन, ओमान इथे सुट्टी शुक्रवार-शनिवारी असते, त्यामुळे तिथली मोठी उपासना पुष्कळदा शुक्रवारी होते. त्यांच्यासाठी शुक्रवारी सकाळी प्रार्थना केली तर ती वेळेवर होते. तशीच वेळ साधायची असेल तर फॉकलंडमध्ये रविवारी सकाळी दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात. फिजीची सकाळची दहाची उपासना मात्र आपल्या पहाटे साडेतीनला, ती सोडून द्या.

दुसरी उणीव म्हणजे यादी कोरडी आहे. डायोसिसचे नाव, प्रॉव्हिन्सचे नाव, संपले. पूर्वी बिशपांची नावेही असत. आता नसतात, आणि ते बरेच झाले असे वाटते. छापील नाव लवकर शिळे होते. कम्युनियनमध्ये मानाने पहिले असलेल्या कँटरबरीच्या आर्चबिशपांचेच घ्या: जस्टिन वेल्बी जानेवारी 2025 मध्ये पायउतार झाले, सारा मुलाली यांचे नाव त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जाहीर झाले, पण पद वर्षभर रिकामे होते. त्या काळात कित्येक ठिकाणी जुनेच नाव घेतले जात असेल. म्हणून नाव घ्यायचे असेल तर त्या डायोसिसच्या किंवा प्रॉव्हिन्सच्या स्वतःच्या संकेतस्थळावर त्याच आठवड्यात पाहून घ्यावे. शंका असेल तर ‘तिथले बिशप’ म्हणावे. नाव चुकण्यापेक्षा ते बरे.

कोरडेपणावर इलाज म्हणजे शनिवारी वीस मिनिटे. पुढच्या सहा डायोसिस घ्या, प्रत्येकीला एक छोटे कार्ड. कार्डावर चारच ओळी: देश आणि प्रॉव्हिन्स, लोकांची भाषा, पाळकांची स्थिती, एक ठोस गरज किंवा ठोस गोष्ट. वरच्याच शेजाऱ्यांचे उदाहरण घेतो. मुकोनोला युगांडा ख्रिश्चन युनिव्हर्सिटी आहे, तिथे पाळक तयार होतात. त्या दिवशी शिकणाऱ्यांसाठी आणि शिकवणाऱ्यांसाठी. मुलतान चर्च ऑफ पाकिस्तानमध्ये आहे, तेही 1970 मध्येच आपल्यासारखे अनेक मंडळ्या मिळून झाले. मुंद्रीला 2015 मध्ये लढाईची झळ लागली, लोकांना गाव सोडावे लागले. तिथे परतलेल्यांसाठी आणि न परतलेल्यांसाठी. पूर्व आफ्रिकेतल्या कुठल्याही डायोसिससाठी एक ओळ हमखास लागू पडते: तिथे एका पाळकाकडे अनेक मंडळ्या असतात आणि मधल्या रविवारी उपासना बिनदीक्षेचे सेवक चालवतात. आपण बिशपसाठी आणि पाळकांसाठी मागतो आणि या माणसांना विसरतो.

प्रार्थना लांबवू नये. अशी पुरते: ‘प्रभो, मुमियास डायोसिसमधल्या मंडळ्या, त्यांचे बिशप, पाळक आणि पाळक नसताना उपासना चालवणारे सेवक यांना सांभाळ. त्यांची आजची गरज तू जाणतोस, ती पुरव. त्यांच्या घरच्यांनाही धीर दे.’ अर्धे मिनिट. घरच्या सकाळच्या भक्तीत हे बसते. चर्च ऑफ इंग्लंडच्या 1662 च्या प्रार्थना-पुस्तकात पाळक आणि लोक यांच्यासाठी एकत्र केलेली प्रार्थना आहेच, ज्यांना ती पाठ आहे त्यांनी तिच्यात फक्त डायोसिसचे नाव घालावे.

रविवारच्या उपासनेत वापरताना मात्र सांभाळून. मध्यस्थीच्या प्रार्थनेत आठवड्याच्या साती नोंदी एका दमात वाचल्या की हजेरीपट घेतल्यासारखे होते आणि मागच्या बाकावरचे लोक घड्याळ पाहू लागतात. रविवारची प्रॉव्हिन्स आणि आठवड्यातली एक डायोसिस, एवढेच घ्यावे. बाकीची सूचनापत्रकावर छापावीत. वाचणाऱ्याला कागद शनिवारीच द्यावा, कारण नावे दगा देतात. लंडनच्या थेम्सपलीकडची डायोसिस ‘साउथवर्क’ लिहिली जाते, म्हणतात ‘सदक’ असे काहीसे. ग्लॉस्टर, वूस्टर ही तशीच. म्यानमारमधले स्पेलिंग ‘म्यित्कियिना’ दिसते, उच्चार ‘म्यिचीना’. कॅनडातल्या क्वापेलच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये मधे अपॉस्ट्रॉफीचे चिन्ह आहे, तिथे थांबायचे नाही. एकाच नावाच्या दोन डायोसिस असतात त्याकडेही लक्ष ठेवा: न्यूकॅसल इंग्लंडमध्ये आहे आणि ऑस्ट्रेलियातही. आणि जॉर्जिया म्हणजे अमेरिकेतले राज्य, कॉकेशसमधला देश नव्हे. प्रॉव्हिन्सचे नाव नेहमी डायोसिसच्या पुढेच छापलेले असते, ते वाचले की घोटाळा होत नाही.

व्हॉट्सअॅपवर पाठवणाऱ्यांसाठी एक पथ्य. यादी स्वतः सार्वजनिक आहे, ती खुशाल पाठवा. पण इराणसारख्या ठिकाणच्या मंडळीविषयी कोणाकडून कळलेले नाव, गाव किंवा बैठकीची जागा गटात टाकू नका. पाळकाच्या आजाराची किंवा घरगुती अडचणीची बातमीही त्याच्या परवानगीशिवाय नको. ‘एका पाळकाच्या आजारासाठी’ म्हटले तरी प्रार्थना पुरी होते.

बातमीच्या बाबतीत यादी मुकी आहे. एप्रिल 2023 मध्ये सुदानमध्ये युद्ध पेटले, आर्चबिशप एझेकिएल कोंडो यांना खार्टूम सोडून पोर्ट सुदानला जावे लागले. यादीत सुदानचा दिवस जेव्हा येतो तेव्हाच येतो. अशा वेळी यादी बाजूला ठेवायला हरकत नाही, पण दुसऱ्या दिवशी परत तिथूनच पुढे जावे. सुटलेल्या डायोसिस भरून काढायला मागे गेलात की आठवड्याभरात गाडी रुळावरून उतरते. कोण यादीत नाही तेही सांगायला हवे: 2009 मध्ये उत्तर अमेरिकेत निघालेले एसीएनए (अँग्लिकन चर्च इन नॉर्थ अमेरिका) कम्युनियनचे सभासद नाही, म्हणून ते इथे सापडणार नाही. उलट कँटरबरीशी मतभेद असलेली नायजेरिया, युगांडा, रवांडा ही चर्चेस यादीत आहेत. यादीने वादात बाजू घेतलेली नाही, हे तिचे मोठेपण.

पर्याय पाहायचे तर यूएसपीजी या ब्रिटनमधल्या अँग्लिकन मिशन संस्थेचे ‘प्रे विथ द वर्ल्ड चर्च’ आहे. हीच ती 1701 मध्ये एसपीजी म्हणून सुरू झालेली संस्था. नगरच्या जुन्या ख्रिस्ती घरांत एसपीजी मिशन हे नाव अजून निघते. सहा महिन्यांची एक पुस्तिका, फुकट, आठवड्याला एक विषय, एक मनन आणि रोज एक तयार प्रार्थना. वाचायला ही पुस्तिका कितीतरी सरस. पण ती संस्थेच्या भागीदार चर्चेसभोवती फिरते, सगळ्या डायोसिस त्यात येत नाहीत. मदर्स युनियन या अँग्लिकन स्त्रियांच्या संघटनेची ‘वेव्ह ऑफ प्रेअर’ तिसरी: डायोसिसचे गट करून दर गटाला ठराविक दिवस दिलेले, आणि दुपारी एकत्र थांबून प्रार्थना. तुमच्या मंडळीत स्त्रियांचा गट पक्का असेल तर हीच आधी सुरू करा, कारण माणसे एकमेकींना आठवण करून देतात. पीडीएफ देत नाही.

एकट्याने किंवा घरी करणाऱ्याला सायकल ऑफ प्रेअर आणि चार ओळींची कार्डे, ही जोडी पाचपैकी चार. कार्डांशिवाय नुसती यादी, अडीच. उतरवून घेताना फाइलवरचे वर्ष तपासा, कारण जालावर जुन्या फाइली पडून असतात आणि तारखेचा वार जुळला नाही की रविवारची प्रॉव्हिन्स मंगळवारी येते. छापायची असेल तर एका वेळी तीनच महिने छापा.