गाडी विकली पण आरसी अजून माझ्याच नावावर, जुन्या गाड्यांच्या डीलरचा अनुभव (५ पैकी १ स्टार)

डीलरचं नाव टाकत नाही, पण मी जे केलं तेच बरेच जण करतात म्हणून लिहितोय. माणसं बोलायला चांगली, गाडी घरून घेऊन गेले, पैसे त्याच दिवशी खात्यात, एक स्टार त्याचाच. मालकी ट्रान्सफरच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेतल्या, घेणाऱ्याचं नाव, तारीख सगळं कोरं, वर म्हणे "सर टेन्शन घेऊ नका, गिऱ्हाईक मिळालं की ट्रान्सफर आम्हीच करतो". मी ओरिजिनल आरसी देऊन मोकळा झालो, झेरॉक्ससुद्धा ठेवली नाही.

चार महिन्यांनी मोबाईलवर ई-चलान. फोटो उघडला तर मागच्या काचेवर मुलीने चिकटवलेलं फुलपाखरू अजून तसंच आणि गाडी सिग्नल तोडून चाललेली. एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकला, मालक मीच, आणि इन्शुरन्सची तारीख उलटून गेलेली. हातपाय गार पडले.

चलान भरता येतं हो, पण त्या गाडीने कुणाला उडवलं असतं तर? मोटार वाहन कायद्यात मालक म्हणजे रजिस्ट्रेशन ज्याच्या नावावर तो. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टापुढे अशीच केस होती, गाडी तीन-चार हातांतून गेलेली पण आरसीवर नाव पहिल्याचंच, अपघाताच्या भरपाईसाठी कोर्टाने त्यालाच जबाबदार धरलं. इन्शुरन्स संपलेला असेल तर ती भरपाई आपल्या खिशातून. आणि गाडी गुन्ह्यात वापरली तर पोलीस आधी आपलंच दार वाजवणार.

चूक माझीही आहे. गाडी राज्यातल्या राज्यात विकली तर १४ दिवसांत आरटीओला कळवायचं काम विकणाऱ्याचं, हे मला माहीतच नव्हतं. डीलरला देताना तर एप्रिल २०२३ पासून नवीन नियम आहे, त्याच्याकडे आरटीओचं ऑथोरायझेशन पाहिजे आणि गाडी ताब्यात दिल्याचा फॉर्म २९सी ऑनलाईन भरला की पुढची जबाबदारी त्याची. ह्यांच्याकडे ऑथोरायझेशनच नाही, मी विचारलंच नव्हतं.

खूप मागे लागल्यावर डीलरने ज्याला गाडी विकली त्याचा नंबर दिला. तो माझ्यापेक्षा अडकलेला, सगळे पैसे देऊन बसलाय, नावावर काही नाही, गाडी पुढे विकता येत नाही, इन्शुरन्स काढायला गेला तर आरसी दुसऱ्याची. घेणाऱ्यांनी तर पैसे द्यायच्या आधीच चेसिस नंबर आरसीशी जुळवून बघा, गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात घ्या, दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी पण.

परवा आम्ही दोघांनी मिळून आरटीओत कागद दिलेत, गाडी ताब्यात दिल्याची तारीख आणि वेळ लिहून दोघांच्या सह्या केल्या, इन्शुरन्स होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढणार नाही असं त्याने कबूल केलंय. अ‍ॅपवर अजून माझंच नाव आहे. रोज सकाळी उठल्यावर आधी तेच उघडून बघतो.