वाडा, सावली की किल्ला? प्रोजेक्शनच्या तीन कल्पना, एका भाचीसाठी

रविवारी भाची वही घेऊन आली. पुण्यातच डिझाइनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. इंटरॅक्टिव्ह मीडियाचा बारा आठवड्यांचा प्रोजेक्ट, शेवटी ज्युरी, आणि तीनपैकी एक कल्पना शुक्रवारपर्यंत पक्की करून द्यायची. मी प्रदर्शनांना, नाटकांना, वेळ पडली तर लग्नांनाही प्रोजेक्टर लावून देतो, म्हणून तिचा प्रश्न असा होता: "मामा, यातली कुठली होईल?"

"कुठली भारी दिसेल" असं तिनं विचारलं नाही हे बरं झालं. वहीत तिन्ही भारीच दिसत होत्या. चहा होईपर्यंत आम्ही त्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. तिच्यासारखे आणखी बरेच जण याच वळणावर असतील म्हणून ते सगळं इथे लिहितो आहे.

पहिली कल्पना वाड्याची. पेठेतल्या जुन्या वाड्याच्या दर्शनी भिंतीवर मॅपिंग करायचं, म्हणजे तिच्या दारं-खिडक्यांवर नेमकं बसणारं चित्र टाकायचं: बंद खिडक्या उघडतात, आतून दिवे लागतात, जुने आवाज येतात. दुसरी सावलीची. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे कलाकार चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ करतात. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्रीही मिळाली. तो खेळ पाहून हिला सुचलं की पडद्यासमोर माणूस उभा राहिला की त्याची आकृती बाहुली होऊन पडद्यावर हलायला लागेल. तिसरी किल्ल्याची. दिवाळीत आपण मातीचा किल्ला करतो, त्याच्यावर वरून प्रोजेक्शन. माती सरकवली की उंचीच्या रेषा बदलतात, हाताचा तळवा वर धरला की तिथे पाऊस पडतो.

आधी उजेडाचा हिशेब

विद्यार्थी सॉफ्टवेअरपासून सुरुवात करतात. मी म्हणतो, टेप आणि गुणाकार-भागाकारापासून करा. प्रोजेक्टरचे ल्युमेन भागिले चित्राचं क्षेत्रफळ म्हणजे चित्रावर पडणारा उजेड, लक्समध्ये. आणि चित्राची रुंदी गुणिले थ्रो रेशो म्हणजे प्रोजेक्टर किती लांब ठेवायचा ते अंतर. एवढं गणित दहावीतल्या मुलाला येतं, तरी ज्युरीच्या आदल्या रात्री मला फोन येतात.

कॉलेजात मिळणारा प्रोजेक्टर ३००० ल्युमेनचा आणि थ्रो रेशो १.५ असं धरू. वाड्याची भिंत आठ मीटर रुंद भरायची तर चित्र साधारण ८ गुणिले ४.५, म्हणजे ३६ चौरस मीटर. उजेड पडला सुमारे ८३ लक्स. त्यात खालचा भाग काळ्या दगडाचा, तो आलेला प्रकाश गिळून टाकतो. शेजारी रस्त्याचा दिवा, मध्ये केबलच्या वायरी, पुढे लावलेल्या दुचाक्या. आणि प्रोजेक्टर ठेवायचा बारा मीटर लांब. "त्या बोळाची रुंदी किती?" मी विचारलं. तिनं हात पसरून दाखवली. पहिल्या कल्पनेचं जवळपास तिथेच आटोपलं.

सावलीचा पडदा तीन मीटर रुंद धरला तर क्षेत्रफळ पाच चौरस मीटर, उजेड सुमारे ६०० लक्स. काळे पडदे लावलेल्या खोलीत उत्तम. मात्र प्रोजेक्टर पडद्यामागे हवा, नाहीतर माणसाची खरी सावली आणि प्रोजेक्ट केलेली बाहुली एकमेकांच्या अंगावर चढतात. म्हणजे पडद्यामागे साडेचार मीटर मोकळी जागा आली. शॉर्ट थ्रो मिळाला, ०.५ चा, तर दीड मीटर.

किल्ला एक मीटर बाय पाऊण मीटर. सगळा प्रकाश त्यावरच पडला तर ४००० लक्स. कडेला निम्मा सांडला तरी २०००. ट्यूबलाइट लावलेल्या वर्गात साधारण ३०० लक्स असतात, तेव्हा किल्ला दिवे न घालवताही दिसेल. हे फार महत्त्वाचं आहे, कारण ज्युरी सकाळी अकराला असते. वाड्याची गंमत अकराला कशी दाखवणार? व्हिडिओ दाखवून. आणि इंटरॅक्टिव्ह कामाचा व्हिडिओ म्हणजे जेवणाचा फोटो.

(ल्युमेनचा आकडा खोक्यावरचा धरू नका. स्वस्त प्रोजेक्टरवर वाटेल ते छापलेलं असतं. माहितीपत्रकात एएनएसआय ल्युमेन, म्हणजे प्रमाणित पद्धतीनं मोजलेले, लिहिले असतील तो आकडा खरा.)

समोरचा माणूस करतो काय?

माझी कसोटी साधी आहे. बघणारा तिथून निघून गेला तर कामात काय बदलतं? वाड्यात काहीच नाही. खिडक्या उघडत राहतील, लोक मोबाइल वर करून उभे राहतील. हे वाईट नाही, पण तो देखावा झाला. तिनं सुचवलं की फोनवरून खिडकी निवडता येईल. असं बटण मागून चिकटवलेलं लगेच कळतं.

सावलीची परंपरा मात्र दांडगी आहे. मायरन क्रूगर या अमेरिकी कलाकारानं १९७० च्या दशकातच 'व्हिडिओप्लेस'मध्ये माणसाची आकृती कॅमेऱ्यानं टिपून पडद्यावरच्या चित्रांशी खेळवली होती. १९९९ च्या 'टेक्स्ट रेन'मध्ये, म्हणजे कॅमिल अटरबॅक आणि रोमी अचितूव यांच्या कामात, वरून पडणारी अक्षरं माणसाच्या अंगावर अडकतात आणि हात पसरून ओळ झेलता येते. मला सगळ्यांत आवडतं ते रफाएल लोझानो-हेमर यांचं रॉटरडॅमच्या चौकातलं २००१ चं काम. भल्यामोठ्या भिंतीवर शहरातल्या लोकांची छायाचित्रं टाकलेली, पण त्यावर एवढा प्रखर प्रकाश मारलेला की ती दिसतच नाहीत. माणूस दिव्यापुढून गेला की त्याची सावली पडते, दोन मीटरपासून पंचवीस मीटरपर्यंत मोठी, आणि तेवढ्याच जागेत छायाचित्र उमटतं. दाखवायचं काम सावलीच करते. कॅमेरा आहे, पण तो फक्त दृश्य बदलायची वेळ झाली का ते बघतो.

भाचीच्या आराखड्यात उलटं होतं. सगळा भार कॅमेऱ्यावर. आणि इथे एक भांडण आहे जे वहीत दिसत नाही: प्रोजेक्टरला अंधार हवा, वेबकॅमला उजेड हवा. त्यात कॅमेऱ्याला पडद्यावरची हलती बाहुलीही दिसते, तो तिलाच माणूस समजतो आणि चित्र स्वतःच्याच मागे धावायला लागतं. यावर उपाय आहेत. डोळ्यांना न दिसणारा प्रकाश देणारे इन्फ्रारेड दिवे लावायचे आणि कॅमेऱ्यातली इन्फ्रारेड अडवणारी काच काढायची, किंवा अंतर मोजणारा डेप्थ कॅमेरा घ्यायचा. सगळ्यांत सोपं म्हणजे माणसावर बाजूनं मंद दिवा टाकून मीडियापाइप हे सॉफ्टवेअर वापरायचं. ते साध्या वेबकॅमच्या चित्रातून शरीराचे ३३ बिंदू ओळखतं आणि ब्राउझरमध्येही चालतं. एकटा माणूस असेल तर छान. पण आपल्याकडे एकटं कोण येतं? मैत्रिणी घोळक्यानं येतात, कुणाची ओढणी, कुणाच्या कडेवर मूल. तिथे बाहुलीचे हातपाय एकमेकांत अडकणार हे गृहीत धरा.

किल्ल्यापुढे सूचनांचा फलक लागत नाही. माती दिसली की हात जातोच. पण या कल्पनेचा दोष तिला मी स्पष्ट सांगितला: हे आधी झालेलं आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत ऑलिव्हर क्रायलोस यांनी २०१२ च्या सुमारास असाच वाळूचा डबा तयार केला. वर डेप्थ कॅमेरा आणि प्रोजेक्टर, वाळू हलवली की समोच्च रेषा हलतात, हात धरला की पाऊस पडतो. सॉफ्टवेअर मोफत आहे, आणि जगभर विज्ञान केंद्रांत असे डबे आहेत. ज्युरीतला एक तरी जण म्हणेल, "हे पाहिलंय आम्ही."

तिचा चेहरा पडला. मग तीच म्हणाली, "पण मामा, तो डबा आहे, किल्ला नाही." मुद्दा बरोबर होता. डब्यात कुठलाही डोंगर चालतो, दिवाळीच्या किल्ल्यात कुठला तरी ठरलेला गड असतो आणि तो जमला की नाही यावर सोसायटीत भांडणं होतात. तेव्हा राजगड घ्यायचा. पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तीन माच्या आणि मधोमध बालेकिल्ला, म्हणजे वरून आकार चटकन ओळखू येतो. मुलांनी हातानं माती रचायची, आणि प्रोजेक्शन सांगणार की इथे जास्त झाली, तांबडी. इथे कमी पडली, निळी. जमली तिथे रंग जाऊन हिरवळ येते, आपल्या अळिवासारखी. उंचीचे आकडे मोफत मिळतात. २००० साली एंडेव्हर यानातून रडारनं मोजलेली ती माहिती साधारण ३० मीटरच्या जाळीत आहे. एवढ्या जाड जाळीत संजीवनी माचीचा दुहेरी तट दिसणार नाही हे मात्र खरं. तो हातानंच करावा लागेल, जसा आपण करतो.

माती कुठली

प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. तो फक्त प्रकाश टाकतो, म्हणून ज्यावर टाकायचा ते पांढरं हवं. मायकेल नायमार्क यांनी 'डिस्प्लेसमेंट्स'मध्ये एका बैठकीच्या खोलीचं गोल फिरत चित्रीकरण केलं, मग सामानासकट अख्खी खोली पांढरी रंगवली आणि त्याच जागेवरून तसाच फिरता प्रोजेक्टर लावून खोलीला तिचेच रंग परत दिले. तांबड्या मातीवर निळा टाकाल तर चिखलच दिसेल. मी शाडू सुचवला. सुकला की फिकट राखाडी होतो, प्रकाश चांगला परत देतो. ओला असताना काळपट असतो, म्हणजे मुलं खेळत असतानाच चित्र मंद दिसणार. मग तळाला दमट पांढरी वाळू आणि वरच्या कडांना शाडू? हे मलाही माहीत नाही. ताटभर करून बघायला लागेल.

सॉफ्टवेअर, थोडक्यात

यावरून ठरवू नका. टचडिझायनरची मोफत आवृत्ती १२८० बाय १२८० पर्यंत चित्र देते, या तिन्ही कामांना तेवढं पुरतं. प्रोसेसिंग २००१ पासून आहे आणि शिकवणारे भरपूर भेटतात. ब्राउझरमध्येच करायचं तर पी५.जेएस. क्रायलोस यांचं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालतं आणि बरं ग्राफिक्स कार्ड मागतं. यंत्राची गोष्ट मात्र निराळी. किल्ल्याला लागणारा डेप्थ कॅमेरा म्हणजे मायक्रोसॉफ्टचा कायनेक्ट. त्याचं उत्पादन २०१७ मध्ये थांबलं, त्याच्या अझूर नावाच्या भावंडाचं २०२३ मध्ये. म्हणजे जुना घ्यायचा, आणि घेताना त्याचा यूएसबी अडॅप्टर सोबत आहे का ते आधी विचारायचं. अडॅप्टर नसलेला कायनेक्ट म्हणजे कपाटातली शोभा.

कुठे फसतं

वाड्याला पाऊस, वीज, मालक, मालकाचे भाऊ आणि भाडेकरू. शनिवारवाड्याचं नाव तर काढूच नका, ते केंद्राचं संरक्षित स्मारक आहे.

सावलीत दिसण्यासारखं मोडत नाही. ती उशिरा येते. हात वर केला आणि बाहुलीनं जरा मागाहून केला की जादू गेली.

किल्ल्यात धोका डोक्यावर असतो. एका प्रदर्शनात मी प्रोजेक्टर तुळईला उलटा टांगला आणि त्याच तुळईला पंखा होता हे विसरलो. दिवसभर चित्र थरथरत राहिलं, लोकांना वाटलं तोच इफेक्ट आहे. शिवाय सगळे प्रोजेक्टर सरळ खाली तोंड करून चालत नाहीत, पुस्तिका वाचावी लागते. चालत नसेल तर आडवा ठेवून ४५ अंशांचा आरसा लावायचा, पण घरातला आरसा नको. त्याचा चकचकीत थर काचेच्या मागे असतो, म्हणून चित्र दुहेरी येतं.

आता माझं मत. वाडा वहीत ठेव, नोकरी लागल्यावर मोठा प्रोजेक्टर आणि रुंद चौक मिळाला की कर. दुसऱ्या आठवड्यापर्यंत चालू डेप्थ कॅमेरा हातात आला तर किल्ला. नाही आला तर हळहळत न बसता सावली, आणि तीही एका वेळी एकाच माणसासाठी, जमिनीवर पावलांच्या खुणा करून.

दोन्हीची चाचणी मात्र याच आठवड्यात, कोड न लिहिता. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ मध्ये 'शांबरिक खरोलिका', म्हणजे पडद्यावर चित्रं टाकून दाखवायचा खेळ, सुरू केली ती हातानं रंगवलेल्या काचा कंदिलापुढे सरकवून. चित्र हलायचं ते मागच्या माणसाच्या हातानं. तसंच करायचं. चादर बांधायची, मागे मैत्रीण लॅपटॉप घेऊन बसेल आणि समोरच्याचा हात पाहून बाणाच्या बटणानं बाहुली हलवेल. किल्ल्यासाठी परातीत वाळू, वरून प्रोजेक्टर, आणि रेषा मैत्रीण माउसनं ओढेल. आजीला आणि शेजारच्या पोराला बोलवायचं, काही सांगायचं नाही. कोण किती वेळ थांबलं ते घड्याळ लावून लिहायचं.

बुधवारी रात्री फोन आला. चादरीपुढे आजी थोडा वेळ थांबली आणि स्वयंपाकघरात गेली. परातीपुढचं पोरगं जेवायला उठेना.

"मामा, खरा किल्ला करायचा तर वाळू किती लागेल?"

"त्या डब्याला साधारण नव्वद किलो लागते."

"आमचा स्टुडिओ तिसऱ्या मजल्यावर आहे."

"लिफ्ट?"

"बंद आहे."