अरविंद गुप्तांची खेळणी: सगळं फुकट, फक्त आई-बापाची दुपार लागते

‘अरविंद गुप्ता टॉईज’ या वेबसाईटवर टाकाऊ वस्तूंपासून खेळणी कशी करायची याचे शेकडो छोटे व्हिडिओ आहेत. बरेचसे मराठीतही आहेत. शिवाय उतरवून घेता येतील अशी मुलांची पुस्तकं ढिगाने. आमची थोरली सहावीत, धाकटा दुसरीत. सध्या रविवारच्या दुपारी घरात हाच उद्योग चालतो. माझं इचलकरंजीत मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे विजेच्या जळलेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून द्यायचं दुकान आहे, तेव्हा हे मत जरा मिस्त्रीच्या नजरेचं आहे असं समजून वाचा.

गुप्ता आयआयटी कानपूरचे इंजिनिअर. पुण्यात टेल्कोत (आताची टाटा मोटर्स) नोकरीला असताना 1978 साली रजा घेऊन मध्य प्रदेशातल्या होशंगाबादला गेले. खेड्यातल्या शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकवायचा कार्यक्रम तिथे चालू होता. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे (व्हॉल्व्हवर चढवायची बारीक रबरी नळी) तुकडे आणि काडेपेटीच्या काड्या, एवढ्यावर त्यांनी जोडाजोडीचा अख्खा संच उभा केला. पुढे पुण्यातच आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत मुलांसाठी असलेल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत बरीच वर्षं काम केलं, 2018 ला पद्मश्री मिळाली. ज्या शाळेत प्रयोगशाळा नाही तिच्यासाठी ही खेळणी जन्माला आली, म्हणूनच ती आपल्या स्वयंपाकघराच्या फरशीवरही चालतात.

धाकट्याबरोबर आम्ही काड्यांपासून सुरुवात केली. व्हॉल्व्ह ट्यूबचे बोटाच्या पेराएवढे तुकडे कापायचे आणि त्यात काड्या खोचायच्या. तीन काड्यांचा त्रिकोण कितीही दाबा, आकार सोडत नाही. चार काड्यांचा चौकोन बोट लावलं की तिरका. धाकट्याने मग चौकोनात कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत एक काडी घालायचा हट्ट धरला, ती आखूड पडली, म्हणून दोन काड्या जोडल्या, तेव्हा चौकोन ताठ झाला. मी त्याला गॅलरीत नेऊन समोरच्या मागाच्या शेडची कैची, म्हणजे छपराला पेलणारा सांगाडा, दाखवली. “सगळे त्रिकोणच की!” त्या दिवसापासून गाडीवरून जाताना विजेचा टॉवर दिसला की मागून पाठीवर थाप पडते.

मोटारीचं प्रकरण मात्र जरा सविस्तर सांगायला हवं. साहित्य असं: टॉर्चचा मोठा सेल, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक, सायकलच्या ट्यूबचं कापलेलं रबरबँड आणि थोडी एनॅमलची तार, म्हणजे वरून करंट न जाणारा लेप दिलेली तांब्याची तार. तार सेलभोवतीच गुंडाळून कॉइल करायची, दोन टोकं दोन बाजूंना सरळ काढायची आणि रबरबँडने सेलच्या दोन टोकांना बसवलेल्या पिनांच्या छिद्रांत टेकवायची. गोम आहे ती टोकं खरवडण्यात. एनॅमल तीन बाजूंनी काढायचं, खालची बाजू तशीच ठेवायची. त्यामुळे दर फेऱ्यात क्षणभर करंट तुटतो आणि कॉइल अडकून न राहता आपल्याच वेगाने पुढे निघून जाते. मोठ्या डीसी मोटारीत करंट असा वेळेवर तोडायचं-जोडायचं काम कम्युटेटर (फिरणारी तांब्याच्या पट्ट्यांची कडी) आणि त्यावर घासणारे कार्बन ब्रश करतात.

थोरली म्हणाली, “कोणी हात लावायचा नाही, मी करतो.” आणि ब्लेडने दोन्ही टोकं चारी बाजूंनी पार चकचकीत केली. कॉइल नुसती डुगडुगली. मला बघताक्षणी कळलं. तोंड उघडणार एवढ्यात बायकोने डोळे वटारले. ती बी.कॉम., दुकानाचा हिशेब बघते, वाइंडिंगशी तिचा संबंध फक्त बिलापुरता. ती लेकीशेजारी मांडी घालून बसली आणि म्हणाली, “हलते म्हणजे करंट येतोय. मग फिरत का नाही गं?” तिला खरंच माहीत नव्हतं. दोघींनी चुंबक उलटं करून पाहिलं, कॉइल सरळ केली, सेल बदलला. मी उठून चहा टाकला, नाहीतर बोललो असतो. शेवटी दोघी व्हिडिओ थांबवत थांबवत बघायला लागल्या आणि थोरली ओरडली, “मम्मी, खालची बाजू त्यांनी खरवडलीच नाही!” नवी तार, नवी कॉइल, आणि मोटार फिरली.

मी सांगितलं असतं तर ती लगेच फिरली असती, आणि शाळेत ‘पप्पांनी करून दिलेली मोटार’ म्हणून मिरवली असती. दुकानात नवा पोरगा आला की जळक्या कॉइलचे फेरे मी त्यालाच मोजायला लावतो; दोनदा चुकला तरी मोजून देत नाही. घरी तोच नियम पाळताना जीव जातो. माझं तर मत झालंय की या खेळण्यांना ज्याला उत्तर माहीत नाही असा पालक जास्त उपयोगाचा. ‘मला विज्ञानातलं काही कळत नाही’ म्हणून बाजूला बसणाऱ्या आयांनी तर जरूर पुढे यावं.

यापूर्वी आम्ही दर महिन्याला घरपोच येणारा एका कंपनीचा विज्ञानाचा खोका लावला होता. सगळं मापात कापलेलं, भोकं पाडलेली, नंबर टाकलेले. पोरं जोडून मोकळी, आणि वस्तू कपाटावर. चुकायला जागाच ठेवली नव्हती त्यात. पैसे किती गेले ते लिहीत नाही, बायको हे वाचणार आहे.

आता तक्रारी. वेबसाईटची मांडणी जुनाट आहे, हवं ते खेळणं शोधताना पोरांचा धीर सुटतो. आधी आपण शोधून ठेवावं. व्हिडिओत हात इतके सफाईने चालतात की पोरांना वाटतं, आपलंही असंच झटक्यात होणार. पालकांनी कुठे मदत करायची आणि कुठे गप्प बसायचं, हे त्यात येत नाही. काही साहित्य तर काळाआड गेलंय. कॅमेऱ्याच्या रोलची डबी आता कुठून आणायची? प्लास्टिकच्या स्ट्रॉवर 2022 पासून बंदी आहे, आणि स्ट्रॉची पिपाणी करायला घेतली तर कागदी स्ट्रॉ थुंकीने लगेच मऊ पडते. काड्याही लाकडीच घ्या, मेणाच्या वाकतात.

आणखी एक, हे धंद्यातला माणूस म्हणून सांगतो. मोटारीची कॉइल थांबलेली असताना सेलवर तशीच ठेवू नका. तारेला रोध जवळजवळ नसतोच, सेल चटका बसण्याइतका तापतो. ब्लेडचं काम चालू असताना मोठं माणूस शेजारी हवंच, मोबाईल खाली ठेवून.

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण शोधाशोधीचा कापला. व्हॉल्व्ह ट्यूब ऑनलाईन शोधत बसू नका. गावातल्या जुन्या सायकल दुकानात मागा, आमच्याकडे फुटावर कापून देतात. एनॅमलची तार कुठल्याही रिवाइंडिंगवाल्याकडे तुकड्यांत पडलेली असते. पोराला बरोबर घेऊन जा आणि त्यालाच मागू द्या, बहुतेक पैसे घेणार नाही.